भाऊ २३ वर्षांचा, दारूला शिवलेला नाही, तरी स्वादुपिंडात खडे. कुणाच्या घरात आहे का असं?

मंगळवारपेठेची_लेक

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. आठवीपासून तालमीत जातोय. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पोटात कळ आली, बेंबीच्या वर, आणि पाठीत आरपार जायची, गुडघे पोटाशी घेऊन पुढं वाकून बसला की जरा बरं वाटायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, चार दिवसांनी थांबलं, आम्ही विसरलो. मग वर्षातनं एकदा, मग दोनदा, कधी परीक्षेत तर कधी लग्नकार्यात. कुणी जंत म्हणालं, कुणी अपेंडिक्स, आजीनं नजर काढली, आईनं जोतिबाला नवस बोलला. सोनोग्राफी दोनदा झाली, दोन्ही वेळेला गॅसमुळं स्वादुपिंड नीट दिसलं नाही असं लिहून आलं आणि तो कागद आम्ही फाईलला लावून ठेवला, त्याचा अर्थ काय हे विचारलंच नाही.

गेल्या वर्षभरात वजन १३ किलो उतरलं. वस्ताद म्हणाले खुराक कमी पडतोय, म्हणून आईनं तूप वाढवलं, थंडाईत बदाम वाढवले, वडील रोज गंगावेशीतनं म्हशीचं धारोष्ण दूध आणायला लागले. जेवढं घालू तेवढा वाळत चालला. संडास चिकट तेलकट होते, बादलीभर पाणी ओतलं तरी जात नाही, हे त्यानं लाजेनं सहा महिने घरात कुणाला सांगितलंच नाही. म्हणजे ते सगळं तूप-दूध तसंच बाहेर जात होतं आणि आम्ही अजून ओतत होतो.

दिवाळीनंतर मोठा अटॅक आला, एका दवाखान्यात ॲडमिट केलं, सीटी काढला तर स्वादुपिंडात खडे, मधली नळी फुगलेली आणि शुगर ३१०. तिथं राउंडला सगळ्यांसमोर विचारलं, किती पितोस, खरं सांग. तो म्हणाला मी पीत नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी आईला बाहेर बोलवून, पोरगं लपवतंय तुमच्यापासनं असं सांगितलं. वॉर्डातनं गल्लीत यायला किती वेळ लागतोय? वडील आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तालमीतल्या पोरानं, ज्यानं हनुमानासमोर शपथ घेतलीय त्यानं, रडत मला विचारलं की आक्का तुझा तरी विश्वास आहे का. मला त्या खड्यांपेक्षा ह्याचा जास्त त्रास होतोय.

नंतर पोटाच्या स्पेशालिस्टांना दाखवलं, त्यांनी नीट सगळी हिस्ट्री घेतली, रक्ताची जीन टेस्ट पाठवली, त्यात स्पिंक-१ नावाच्या जीनमध्ये बदल निघाला. आजाराला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस म्हणाले, म्हणजे स्वादुपिंडाची कायमची सूज, लहान वयात होणारी. पचनाच्या कॅप्सूल दिल्यात, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. कॅप्सूल तो जेवण झालं की घेतो पण काही फरक नाही. खडे फोडायचे का ऑपरेशन करायचं हे अजून ठरायचंय. आई म्हणते आता ह्याचं लग्न कसं होणार. मला स्वतःला चार वर्षांची मुलगी आहे, तिची पण टेस्ट करायची का, ती परवा पोट दुखतंय म्हणाली आणि माझे हातपाय गार पडले.

ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी सांगा, माणूस ह्याच्याबरोबर जगतो कसा?

इचलकरंजीचा_मामा

ताई, आधी हे वडिलांना वाचून दाखवा. मी ४६ वर्षांचा, यंत्रमागावर आयुष्य गेलं, सोळाव्या वर्षापासनं हाच आजार. मलाबी बेवडा म्हणाले. माझं दुखणं सुरू झालं तेव्हा मला दारूचा वास कसा असतो ते माहीत नव्हतं.

आता डॉक्टर विचारणार, ते विचारायलाच पाहिजे, कारण मोठ्या माणसांत दारू हे ह्या आजाराचं मोठं कारण आहेच. पण एकदा विचारून उत्तर मिळाल्यावर पुढं जायला पाहिजे. चौदाव्या वर्षी सुरू झालंय म्हटल्यावर तर दुसरीकडं बघायलाच पाहिजे. हे काय आज निघालेलं नव्हं. १९५९ साली झुइडेमा नावाच्या डॉक्टरनं इंडोनेशियात असे पेशंट लिहून ठेवलेत, आणि आपल्याकडं केरळात डॉ. गीवर्गीस यांनी शेकड्यानं असे पेशंट तपासले, गरीब घरातली, बारीक, दारू न पिणारी तरुण पोरं, पोटात कळ, खडे आणि मग शुगर. ह्याला ट्रॉपिकल पॅन्क्रियाटायटिस म्हणायचे. तिकडं ती माणसं कसाव्हा नावाचा कंद खायची म्हणून त्या कंदावर संशय होता. साबुदाणा त्याच कंदापासनं होतो हे कुणीतरी माझ्या आईला सांगितलं, तर त्या माउलीनं मरेपर्यंत घरात साबुदाण्याची खिचडी केली नाही, आषाढीला पण नाही, वरीवर उपास काढले. पुढं कंदाचं ते कारण काही सिद्ध झालं नाही, आता जीन आणि बाकीच्या गोष्टी मिळून होतंय असं म्हणत्यात.

आता कॅप्सूल. तुमचा भाऊ जेवण झाल्यावर घेतो, तिथंच चुकतंय. मीसुद्धा चार वर्षं तसंच घेतलं, कारण चिठ्ठीवर 'जेवणानंतर' असं लिहिलेलं होतं. त्या कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात, स्वादुपिंडातनं जो पाचक रस यायला पाहिजे तो त्यात भरलेला असतोय. जेवण पुढं निघून गेल्यावर तो रस मागनं पाठवून काय उपयोग? पहिल्या घासाबरोबर घ्यायची. दोन असतील तर एक पहिल्या घासाला, एक मध्ये. पंगतीत तासभर जेवण चाललं तर वाटून घ्यायची. चावायची नाही, दाणे कुटायचे नाहीत, गरम चहात-दुधात टाकायचे नाहीत, कारण दाण्यावरचं आवरण पोटातल्या ॲसिडपासनं वाचवायला दिलेलं असतंय, ते तोंडात फुटलं तर गेलं.

आणि किती घ्यायची ते जेवणावर. कॅप्सूलवर १०,०००, २५,०००, ४०,००० असे आकडे असतात, ते लायपेजचे युनिट, म्हंजे चरबी पचवायची ताकद. मोठ्या माणसाला मोठ्या जेवणाला २५ ते ५० हजारांपासनं सुरू करतात आणि मग संडास बघून वाढवतात. तुमच्या भावाला किती दिलीय ते बघा, पुष्कळांना दिवसातनं १० हजारांची एक-एक देऊन ठेवलेली असते आणि मग म्हणायचं फरक नाही. डॉक्टरांना थेट विचारा की हा डोस जेवणाच्या मानानं पुरतोय का. दूध प्यायलं तरी लागती, दुधात साय आहे. कोरा चहा, फळ, काकडी ह्याला लागत नाही.

तूप-तेल सगळं बंद करा म्हणून चार जण सांगतील. मलाबी सांगितलेलं, मी दोन वर्षं उकडलेलं खाल्लं आणि ४१ किलोवर आलो. आता तज्ज्ञ लोक म्हणतात की कॅप्सूल पुरेशी असेल तर चरबी सरसकट तोडू नका, थोडं थोडं पाच-सहा वेळा खा, अंडी, डाळ, मासे, चिकन ठेवा. मी महिन्यातनं एकदा तांबडा-पांढरा खातो, वाटीभर, वरचा कट बाजूला काढून, कॅप्सूल घेऊन. अटॅक चालू असताना मात्र सगळं बंद, तेव्हा दवाखानाच. भरपूर कोंड्याची भाकरी आणि ढीगभर पालेभाजी पण एकदम नको, जास्त चोथ्यामध्ये ह्या कॅप्सूलचं काम नीट होत नाही.

अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबर अंगात जातात. चरबी बाहेर, तर ती पण बाहेर. मी साधा घसरलो आणि मनगट मोडलं, तेव्हा कळलं की हाडं पोकळ झाल्यात. ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि हाडांचा डेक्सा स्कॅन सांगा करायला, आत्ताच.

शुगरचं एक लक्षात ठेवा, ही आपल्या काका-मामांची शुगर नव्हं. स्वादुपिंडातनं शुगर खाली आणणारं इन्सुलिन येतंय तसंच वर आणणारं ग्लुकागॉनपण तिथनंच येतंय. आपलं दोन्ही गेलंय. म्हणून इन्सुलिन घेतलं आणि जेवण पचलं नाही की शुगर धाडकन खाली जाती आणि वर काढायला आतनं कुणी येत नाही. खिशात ग्लुकोजची पुडी पाहिजेच, तालमीत जाताना तर पाहिजेच. रिपोर्टवर टाइप २ लिहिलं असेल तर टाइप ३-सी, म्हंजे स्वादुपिंड खराब झाल्यामुळं होणारी शुगर, का नाही म्हणून विचारा, नाव बदललं की औषध बदलतंय.

बिडी-सिगारेट असेल तर आजच संपवा. मी ओढायचो. दारू सोडा म्हणून सगळे सांगतात, धूर सोडा म्हणून मला दहा वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि धुरानं हा आजार पुढं सरकतो, खडे वाढतात.

करवीरचा_गडी

मामांनी बरोबर सांगितलंय. ताई एक घरगुती सांगतो, कुळथाचं कढण रोज सकाळी अनशापोटी द्या, माझ्या मेव्हण्याचे खडे २१ दिवसांत पडले, आणि पानफुटीची दोन पानं.

इचलकरंजीचा_मामा

@करवीरचा_गडी भावा, मेव्हण्याचे खडे मूतखडे असणार, ते लघवीवाटे पडतात. हे खडे स्वादुपिंडाच्या नळीत घट्ट बसलेले कॅल्शियमचे असत्यात, तिथं कढण पोचत नाही. पित्ताशयातले खडे वेगळे, किडनीतले वेगळे, हे वेगळे. मी दोन वर्षं एका वैद्याकडं काढली आणि तेवढ्यात नळी अजून फुगली. मनाला लावून घेऊ नकोस, पण पोरगं इन्सुलिनवर आहे, भलतं काही चालू केलं तर शुगर कुठं जाईल सांगता येत नाही.

करवीरचा_गडी

बरोबर आहे मामा, मला एवढा फरक माहीत नव्हता. ताई माझं राहू द्या.

शाहूपुरी_लॅबवाली

मी जेनेटिक्स शिकलेय आणि लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे फक्त जीनबद्दल बोलते.

स्वादुपिंडात ट्रिप्सिन नावाचं एक पाचक द्रव्य तयार होतं, मांस-डाळ सगळं फोडणारं. ते तयार होतं तेव्हा कुलूप लावलेलं असतं आणि आतड्यात गेल्यावर कुलूप उघडतं. कधी कधी थोडंसं ट्रिप्सिन आतच उघडतं, तेव्हा त्याला जागच्या जागी धरून ठेवायचं काम स्पिंक-१ चं प्रथिन करतं, एक प्रकारचा ब्रेकच. तुमच्या भावाचा तो ब्रेक कमजोर आहे. मग स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं, सूज येते, जखमा भरताना व्रण होतात, नळीत खडे धरतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ह्या जीनमधला जो नेहमी सापडणारा बदल आहे, एन-३४-एस म्हणतात, तो धडधाकट माणसांत पण शंभरात एक-दोघांत असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. कोल्हापुरातल्या भरलेल्या एसटीत पण एखादा असेल. म्हणजे हा बदल एकटा आजार आणत नाही, तो धोका वाढवतो, बाकी अजून काही जोडीला लागतं. पीआरएसएस-१ नावाच्या दुसऱ्या जीनचं मात्र वेगळं आहे, त्यातला बदल १९९६ ला सापडला, तिथं आई किंवा वडील एकाकडनं जरी आला तरी मुलाला यायची शक्यता निम्मी, आणि आलेल्यांत शंभरातल्या ऐंशीएकांना आजार होतो. त्या घरांमध्ये पुढं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोकापण बराच जास्त असतो म्हणून वेगळी नजर ठेवावी लागते. त्यामुळे रिपोर्ट घेऊन बसा आणि बघा की पीआरएसएस-१ आणि सीएफटीआर ही जीनं तपासलीत का, स्पिंक-१ चा बदल एकाच प्रतीत आहे का दोन्ही (प्रत्येक जीनची एक प्रत आईकडनं, एक वडिलांकडनं येते), आणि पुढं 'पॅथोजेनिक' म्हणजे आजार आणणारा असं लिहिलंय का 'अनसर्टन' म्हणजे नक्की माहीत नाही असं.

तुमच्या मुलीचं पोट दुखलं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तिच्या मामाला असा आजार आहे हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. दुखणं कळवळून असेल तर त्याच वेळी रक्तातलं लायपेज बघता येतं, नॉर्मलच्या तिप्पट असेल तर अटॅक समजतात. पण तिला काहीच त्रास नसेल तर लहान मुलांची जीन टेस्ट सहसा करत नाहीत, मोठी झाल्यावर तिचं तिनं ठरवायचं.

लग्नाचं. आपल्याकडं मामाची मुलगी, आत्याची मुलगी करायची पद्धत आहे. तुमच्या भावासाठी नात्यातलं स्थळ मनात असेल तर तिथं मात्र थांबा आणि आधी जेनेटिक सल्लागाराला भेटा, कारण तोच बदल तिच्याकडं पण असायची शक्यता बाहेरच्या मुलीपेक्षा जास्त, आणि दोघांकडनं आला तर बाळाला दोन्ही प्रती जाऊ शकतात. बाहेरचं स्थळ असेल तर आजार सांगून करा, जेवण-कॅप्सूल-इन्सुलिन हे रोज दिसणारच आहे, लपवून काय मिळणार.

मंगळवारपेठेची_लेक

@शाहूपुरी_लॅबवाली हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. आत्याच्या मुलीचंच बोलणं चाललं होतं घरात. कुणाला बोलले नव्हते इथं. आता बोलते आईशी.

गडहिंग्लज_सुनंदामावशी

मुली तुझं दुःख मला कळतं. आमच्या घरात स्वादुपिंडाचंच पण उलटं झालं. माझ्या आईला ५२ व्या वर्षी पहाटे पहाटे काहीतरी व्हायचं, घामानं ओलीचिंब, बरळायची, एकदा मला ओळखलंच नाही, म्हणाली तू कोण गं माझ्या घरात. सकाळी गोड चहा घेतला की अर्ध्या तासात ठणठणीत आणि तिला काही आठवायचं नाही. भाऊबंद म्हणाले अंगात येतंय, दोन ठिकाणी नेली, गंडे बांधले. मग फिट म्हणून दीड वर्ष गोळ्या. आणि तिचं वजन वाढत चाललं कारण तिला आपोआपच कळलं होतं की खाल्लं की बरं वाटतं, उशाशी लाडू घेऊन झोपायची. लोक म्हणायचे म्हातारी खादाड झाली.

एका पहाटे मावशीनं स्वतःच्या शुगर मशिनवर तिचं बोट टोचलं. ३८! डायबेटिस नाही, कुठलं औषध नाही, आणि ३८.

मग ॲडमिट करून उपाशी ठेवून तपासणी केली, ७२ तासांची असते ती, आईची चौदाव्या तासालाच शुगर पडली, तेव्हाच रक्त घेऊन इन्सुलिन आणि त्याच्याबरोबरच तयार होणारं सी-पेप्टाइड बघितलं, दोन्ही जास्त. इन्सुलिनोमा म्हणतात, स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ. दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांना होतो म्हणे. सीटीत दिसली नाही, पोटातनं दुर्बीण घालून सोनोग्राफी करतात त्यात दिसली, दीड सेंटिमीटर पण नाही, शेवग्याच्या बीएवढी. दहातल्या नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात, आईचीही नव्हती. काढली, आणि दुसऱ्या दिवसापासनं शुगर उलट थोडी जास्तच, महिन्यानं जागेवर आली.

तुझ्या भावाला दारूडा म्हणाले, माझ्या आईला झपाटलेली म्हणाले. माझी आई आज ६१ वर्षांची आहे, शेतावर जाते, पण त्या दोन ठिकाणी तिला केस धरून हलवलं होतं ते ती विसरलेली नाही आणि मी पण नाही, मी तिथं हात जोडून उभी होते. म्हणून सांगते, भावाला एकट्याला बसवून तू एकदा म्हण की आमचं चुकलं. तुझा विश्वास होता तरी घराच्या वतीनं म्हण.

कागल_एमएच०९

थोडक्यात लिहितो. वडील ६७, अंग पिवळं पडलं, दुखणं काही नाही, सीटीत स्वादुपिंड सुजलेलं, कॅन्सर सांगितला आणि ऑपरेशनची तारीख पण दिली. दुसऱ्या ठिकाणी सीडी दाखवली तर ते म्हणाले अख्खं स्वादुपिंड सॉसेजसारखं गुबगुबीत दिसतंय, थांबा, रक्तातलं आयजीजी-४ बघू. ते जास्त आलं, मग दुर्बिणीतनं तुकडा घेऊन तपासला. ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते तो. स्टिरॉइड दिलं आणि महिन्याभरात कावीळ गेली, दुसऱ्या सीटीत सूज पण उतरली. गोळी कमी करताना एकदा परत उलटला, सध्या छोट्या डोसवर आहेत. सगळ्यांचं असं निघत नाही, म्हाताऱ्या माणसाची न दुखणारी कावीळ म्हणजे कॅन्सरच जास्त वेळा असतो, त्यामुळे ह्या आशेवर कुणी वेळ काढू नका. पण सीटीची सीडी स्वतःजवळ ठेवा, नुसता रिपोर्टचा कागद नको. ताई तुम्ही पण भावाची सीडी मागून घ्या, दुसरीकडं दाखवायला तीच लागते.

इचलकरंजीचा_मामा

खडे फोडायचं राहिलं होतं लिहायचं. दोन रस्ते असत्यात. एक म्हंजे बाहेरनं लहरी मारून खडे फोडायचे, किडनीचे फोडतात तसंच मशिन, तीन-चार वेळा करावं लागतं, मग दुर्बिणीनं चुरा काढून नळीत स्टेंट म्हंजे बारीक नळकांडी घालतात, ते काही महिन्यांनी बदलत राहावं लागतं. हैदराबादचा एआयजी दवाखाना ह्या कामासाठी नावाजलेला आहे, मी रात्रीच्या बसनं तिकडंच जायचो, सोबत बायको आणि चटणी-भाकरीचा डबा. मला चार वर्षं चांगली गेली. नंतर परत दुखायला लागलं तेव्हा ऑपरेशन, नळी उभी चिरून आतड्याला जोडतात, स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा कडक झालेला भाग कोरून काढतात, फ्रे म्हणतात त्याला. त्यानंतर मी दुखण्यासाठी ॲडमिट झालेलो नाही. शुगर राहिलीच, कॅप्सूल राहिली, दुखणं गेलं.

कुठलं आधी करायचं ह्यावर नेदरलँडमध्ये ८८ पेशंटवर अभ्यास झालाय, २०२० ला छापून आला, त्यात लवकर ऑपरेशन केलेल्यांना आधी दुर्बीण, मग जमलं नाही तर ऑपरेशन असं केलेल्यांपेक्षा दुखणं कमी राहिलं. म्हंजे सगळ्यांनी पळत जाऊन चिरून घ्यावं असं नव्हं, खडे कुठं आहेत, नळी किती फुगलीय, पोराची तब्येत काय ह्यावर ठरतंय. पण दुर्बीणवाले आणि सर्जन दोघांनाबी एकदम भेटा. एकालाच विचारलं तर तो त्याचंच सांगणार, त्यात वाईट काही नाही. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत काही ऑपरेशनं बसतात, सीपीआरला, म्हंजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, किंवा योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, कागद घेऊन त्याला विचारा, आधीच, ॲडमिट व्हायच्या आधी.

दुखण्याच्या कडक गोळ्या मेडिकलमधनं आपल्या मनानं आणू देऊ नका. त्यांची सवय लागती. मला लागली होती, सोडताना बायकोनं जे सोसलं ते मी इथं लिहीत नाही.

मंगळवारपेठेची_लेक

सहा आठवडे झाले, सांगायला आलेय.

कॅप्सूल पहिल्या घासाला चालू केली, डॉक्टरांना फोन करून डोस विचारला तर त्यांनी दुप्पट केला. संडासातली इलास्टेज टेस्ट पण केली, ४२ आली, २०० च्या खाली म्हणजे कमी, म्हणजे रस जवळजवळ नाहीच. पाचव्या दिवशी भाऊ बाथरूममधनं बाहेर आला आणि मला म्हणाला, आक्का, पहिल्यांदा नीट झाली. एवढ्या मोठ्या पोराला हे बहिणीला येऊन सांगावंसं वाटलं! वजन अडीच किलो वाढलंय. ड जीवनसत्त्व ९ निघालं, औषध चालू आहे. मुलीचं पोट दोन दिवसांत थांबलं, डॉक्टरांना मामाचं सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यात हैदराबादला जायचंय, इथल्या सर्जननाही भेटून झालंय. कुस्ती सध्या बंद, तो तालमीत जातो आणि लहान पोरांना मेहनत घ्यायला लावतो.

मामा, तुमचं सगळं मी वडिलांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पेपर उघडून बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याबरोबर तालमीत गेले, पंधरा वर्षांनी पाऊल ठेवलं असेल तिथं, आणि वस्तादांना सगळ्या पोरांसमोर म्हणाले की माझ्या पोराला जन्माचा आजार आहे, तो दारू पितो असं ज्यानं ज्यानं म्हटलं त्यात मी पण होतो. भावानंच सांगितलं मला, वडील अजूनही त्यावर बोलत नाहीत. पण रात्रीच्या इन्सुलिनच्या आधी बोट टोचायचं काम आता त्यांनी घेतलंय, चष्मा लावून आकडा वहीत लिहितात.

आत्याकडचं थांबवलं. आत्या रुसलीय, रुसू दे.

अजून दोन विचारायचंय. एक, आजी माळकरी आहे, कुणीतरी तिला सांगितलं की कॅप्सूल डुकरापासनं करतात, ती म्हणते देवघराच्या खोलीत डबी नको. खरंय का, आणि दुसऱ्या कशाची मिळते का? दोन, एप्रिलात जोतिबाची यात्रा आहे, नवस फेडायला आई त्याला घेऊन जाणार, त्या उन्हात कॅप्सूल खराब होतील का?

इचलकरंजीचा_मामा

खरं आहे ताई, डुकराच्या स्वादुपिंडापासनंच करतात. बुरशीपासनं केलेली पाचक औषधं मिळतात पण ती पित्तात टिकत नाहीत, आपल्या आजाराला पुरत नाहीत. माझे सासरे माळकरी, त्यांना पण हाच प्रश्न पडला होता माझ्याबद्दल, ते आमच्या दिंडीतल्या महाराजांना विचारून आले, महाराज म्हणाले औषध आहे, जीव राखायला घेतोय, त्याला दोष नाही. आजींना त्यांच्या दिंडीतल्या कुणाकडनं तरी सांगा, तुमच्याकडनं नको. आणि डबी देवघराच्या खोलीत नका ठेवू, त्यांचं मन राखायला काय लागतंय, जेवणाच्या पाटाजवळ फळीवर ठेवा, तिथंच लागती ती.

उन्हाचं, २५ डिग्रीच्या वर ठेवू नये असं डबीवर लिहिलेलं असतंय. गाडीच्या डिकीत, डॅशबोर्डवर, पँटच्या खिशात दिवसभर नको. अख्खी डबी न्यायचीच नाही, त्या दिवसाला लागतील तेवढ्याच आणि वर दोन, कोरड्या छोट्या डबीत, शबनमच्या आतल्या कप्प्यात टॉवेलात गुंडाळून. पाण्याच्या बाटलीला चिकटून नको, ओल लागती. ग्लुकोजची पुडी वेगळी, ती त्याच्या स्वतःच्या खिशात. आणि डोंगर चढायच्या आधी शुगर बघून घ्या.